चुंबक, धागा आणि होकायंत्र: पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता कशी मोजायची आणि ती किती बदलली हे कसं तपासायचं

‘पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र कमकुवत होत आहे’ हे वाक्य अर्धवट आहे. कुठल्या ठिकाणचं क्षेत्र, त्याचा कोणता घटक, कोणत्या सालापासून आणि मोजण्यातली चूक किती, ही चार उत्तरं सोबत नसतील तर त्या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. उत्तरं मिळवायचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे एकदा स्वतः मोजमाप करणं. कार्ल फ्रीडरिश गॉस यांनी १८३२ मध्ये ग्योटिंगेनमध्ये वापरलेली पद्धत शाळेच्या प्रयोगशाळेतल्या सामानात बसते आणि नीट केली तर दोन-तीन टक्क्यांच्या आत उत्तर देते. इथे आधी ते मोजमाप दिलं आहे. मग तो आकडा जुन्या नोंदींशी कसा ताडायचा ते, आणि शेवटी ज्या काळात मोजणारं कुणीच नव्हतं त्या काळाची तीव्रता विटा-खापरांतून कशी काढतात ते.

नेमकं काय मोजणार आहोत

भारतात पृथ्वीचं क्षेत्र जमिनीला समांतर नसतं, ते उत्तरेकडे जाताना जमिनीत कलतं. कोकणपट्टीत हा नमनकोन सुमारे २६ ते २७ अंश आहे. एकूण तीव्रता सुमारे ४३ ते ४४ हजार नॅनोटेस्ला (चुंबकीय क्षेत्राचं एकक, टेस्लाचा अब्जांश), आणि तिचा आडवा भाग, म्हणजे क्षितिजसमांतर घटक, सुमारे ३८ ते ३९ हजार. होकायंत्राची सुई फक्त आडव्या घटकाला दाद देते, म्हणून आपण तोच मोजणार. मोबाइलमधलं ॲप दाखवतं ती बहुतेक वेळा एकूण तीव्रता असते. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून ‘क्षेत्र बदललं’ म्हणणं ही या विषयातली सगळ्यात जास्त आढळणारी चूक आहे.

साहित्य

अल्निकोचा (ॲल्युमिनियम-निकेल-कोबाल्ट असलेल्या मिश्रधातूचा) पट्टी चुंबक, साधारण ७५ मिलिमीटर लांबीचा. फेराइटचा काळा चुंबक शक्यतो टाळा, कारण तापमान १० अंशांनी वाढलं की त्याचं चुंबकत्व सुमारे दोन टक्के घटतं. निओडिमियमची छोटी चकती या कामाला नको, ती इतक्या वेगाने डोलते की दोलनं मोजता येत नाहीत.

अंशांच्या खुणा असलेलं होकायंत्र, सुई दोन-तीन सेंटिमीटरपेक्षा लांब नको. तबकडीवर आरसा असेल तर उत्तम. बिनपिळाचा बारीक रेशमी धागा, अर्धा मीटर. चुंबक आडवा टांगायला कागदाची पट्टी किंवा तांब्याच्या बारीक तारेची झोळी. वारा अडवायला झाकणाची मोठी काचेची बरणी किंवा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा. लाकडी मीटरपट्ट्या दोन, स्टीलची पट्टी चालणार नाही. एक दशांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा तराजू, व्हर्नियर कॅलिपर, स्टॉपवॉच. आणि एक मदतनीस, कारण स्टॉपवॉच म्हणून मोबाइल वापरणार असाल तर तो दीड-दोन मीटर दूर धरायला कुणीतरी हवं. मोबाइलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

जागा

अर्धं काम इथेच बिघडतं. आरसीसी इमारतीत स्लॅब, खांब आणि तुळया यांत लोखंडी सळ्या असतात, त्या क्षेत्र दहा-वीस टक्क्यांनीही वाकवू शकतात. गच्चीवर गेलात तरी पायाखाली सळ्यांची जाळी असतेच. लोखंडी पलंग, कपाट, फ्रिज, पंपाची मोटर, खिडकीचे गज यांच्याजवळ घेतलेलं मोजमाप त्या वस्तूंचं असतं. मोकळं मैदान उत्तम. उभी वाहनं तिथून २०-३० मीटर दूर हवीत. प्रयोग प्लॅस्टिकच्या स्टुलावर मांडा, कारण लाकडी स्टुलात खिळे असतात. चष्म्याची स्टीलची काडी, पट्ट्याचं बक्कल, घड्याळ, किल्ल्या हे सगळं काढून ठेवा.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे जमीनच चुंबकीय असते. दख्खनच्या बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट असतं. उघड्या कातळावर, विशेषतः वीज पडलेल्या डोंगरमाथ्यावर, होकायंत्र चक्क काही अंशांनी फिरतं. कोकणातल्या जांभ्यातही चुंबकीय लोहखनिजं असतात. म्हणून कातळावर मांडू नका, मातीची खोल जमीन निवडा आणि स्टूल जमिनीपासून किमान एक मीटर उंच ठेवा.

जागा चांगली आहे का हे असं तपासा. होकायंत्र प्रयोगाच्या उंचीवर धरून ताणलेल्या सरळ दोरीच्या कडेकडेने पुढे न्या आणि सुई दोरीशी किती अंशांचा कोन करते ते बघत राहा. मध्यबिंदूपासून चारही दिशांना एक-एक मीटरपर्यंत हा कोन एक अंशापेक्षा जास्त बदलत असेल तर ती जागा सोडून द्या. मोबाइलचं ॲप या कामाला मात्र उपयोगी आहे. फोन हवेत इंग्रजी आठाच्या आकारात फिरवून कॅलिब्रेट करा आणि मैदानभर फिरून एकूण तीव्रता कुठे स्थिर राहते ते पाहा. त्याचा आकडा प्रमाण मानू नका, फक्त तो कुठे उडी मारतो एवढंच बघा.

पहिला भाग: दोलनं

टांगलेला चुंबक उत्तर-दक्षिण स्थिरावतो. त्याला किंचित वळवून सोडलं की तो या दिशेच्या अलीकडे-पलीकडे डोलतो. क्षेत्र आणि चुंबक जितके बलवान, तितकं डोलणं जलद. इथून आपल्याला चुंबकाचं आघूर्ण (म्हणजे त्याची चुंबकीय ताकद) आणि पृथ्वीचा आडवा घटक यांचा गुणाकार मिळतो.

चुंबक टांगण्याआधी धाग्याचा पीळ काढा. चुंबकाच्याच वजनाचा पितळी किंवा ॲल्युमिनियमचा दांडा धाग्याला टांगून तासभर तसाच सोडा. तो जिथे थांबेल ती धाग्याची नैसर्गिक दिशा. धाग्याचं वरचं टोक फिरवून ती उत्तर-दक्षिण करा आणि मग दांड्याच्या जागी चुंबक ठेवा. चुंबक जमिनीला समांतर राहील अशी झोळी सरकवा.

आता धागा ताठर आहे का ते बघा. वरचं टोक पूर्ण एक फेरा, म्हणजे ३६० अंश, फिरवा. चुंबक दोन अंशांपेक्षा कमी हलला तर धाग्यामुळे येणारी चूक अर्ध्या टक्क्याच्या आत राहते. पाच-सहा अंश हलला तर धागा बदला. मासेमारीची नायलॉनची दोरी या कसोटीत बहुधा नापास होते.

चुंबक बोटाने ढकलायचा नाही. ढकलल्यावर तो लंबकासारखा झोकेही घेतो आणि दोन्ही हालचाली एकमेकांत मिसळतात. दुसरा चुंबक थोडा जवळ आणा, टांगलेला चुंबक वळला की तो दुसरा चुंबक लगेच पाच मीटर दूर न्या. डोलण्याची मर्यादा मध्यापासून दहा अंशांच्या आत हवी. दहा अंशांना आवर्तकाल, म्हणजे एका दोलनाची वेळ, ०.२ टक्के जास्त येतो, तो चालेल. वीस अंशांना ही वाढ पाऊण टक्क्यावर जाते.

वेळ मोजताना चुंबक मधल्या स्थितीतून जात असतानाचा क्षण पकडा. टोकाला तो रेंगाळतो, तिथे क्षण नक्की करता येत नाही. स्टॉपवॉच सुरू करताना ‘शून्य’ म्हणा. ‘एक’ म्हणून सुरुवात केली तर वीस म्हणता म्हणता प्रत्यक्षात एकोणीसच दोलनं होतात, आवर्तकाल पाच टक्क्यांनी कमी येतो आणि उत्तर तितकंच जास्त. एक दोलन म्हणजे त्याच दिशेने पुन्हा मधून जाणं, हेही विसरू नका. वीस दोलनांची वेळ तीनदा घ्या. तिन्ही वेळा अर्ध्या सेकंदाच्या आत जुळल्या नाहीत तर वारा आत शिरतो आहे किंवा झोळी सरकते आहे असं समजा.

दुसरा भाग: विचलन

आता तोच चुंबक होकायंत्राच्या पूर्वेला ठेवायचा आहे, त्याचा अक्ष पूर्व-पश्चिम आणि होकायंत्राच्या मध्याच्या रेषेत. सुई पृथ्वीच्या आणि चुंबकाच्या क्षेत्रांकडून दोन दिशांना ओढली जाते आणि तिरकी होते. या कोनाचं टॅन म्हणजे दोन्ही क्षेत्रांचं गुणोत्तर. इथून चुंबकाचं आघूर्ण भागिले पृथ्वीचा आडवा घटक हा भागाकार मिळतो.

आधी चुंबक दूर ठेवून सुई शून्यावर आणा. मीटरपट्टी सुईला अचूक काटकोनात लावा, एक पूर्वेला आणि एक पश्चिमेला. चुंबकाचा मध्य होकायंत्राच्या मध्यापासून २० सेंटिमीटरवर ठेवा. होकायंत्राच्या काचेवर बोटाने हलकं टिचकी मारा, म्हणजे टोकावरच्या घर्षणात अडकलेली सुई मोकळी होते. मग वाचा. आरसा असेल तर सुई आणि तिचं प्रतिबिंब एकावर एक येईल अशी नजर ठेवा.

एका अंतराला आठ वाचनं घ्यायची. सुईची दोन्ही टोकं, ही दोन वाचनं. मग चुंबक जागच्या जागी उलटा करून पुन्हा दोन. मग चुंबक पश्चिमेला तेवढ्याच अंतरावर नेऊन याच चार वाचनांची पुनरावृत्ती. सुईचा आस तबकडीच्या मध्याला नसेल, पट्टी किंचित तिरकी असेल किंवा चुंबकाचे ध्रुव त्याच्या भौमितिक मध्यापासून सरकलेले असतील, तर या चुका आठांच्या सरासरीत एकमेकींना खोडून टाकतात. आठपैकी एखादंच वाचन तीन-चार अंशांनी वेगळं आलं तर ते सरासरीत ढकलू नका, पुन्हा घ्या.

कोन ३० ते ६० अंशांच्या मध्ये येईल असं अंतर निवडा, ४५ च्या आसपास सगळ्यात चांगलं. १५ अंशांना एक अंशाची चूक टॅनमध्ये सात टक्क्यांची होते. ४५ अंशांना तीच चूक साडेतीन टक्क्यांची. सगळं झाल्यावर २५ सेंटिमीटरवर हीच मालिका पुन्हा करा. याचं कारण गणितात येईल.

दोन्ही भाग एकाच दिवशी, एकाच जागी, शक्य तितक्या एकाच तापमानाला करा. मधल्या वेळात चुंबक पडू देऊ नका आणि दुसऱ्या चुंबकाला चिकटवू नका. या पद्धतीत चुंबक किती बलवान आहे हे आधी माहीत असायची गरज नाही. गरज एवढीच की दोन्ही भागांत तो तितकाच बलवान असावा.

गणित

सगळी मापं मीटर, किलोग्रॅम आणि सेकंदांत घ्या. उदाहरणासाठी ८० ग्रॅमचा, ७५ मिलिमीटर लांब आणि १५ मिलिमीटर रुंद चुंबक धरू. रुंदी म्हणजे टांगलेल्या स्थितीत आडवी असणारी बाजू, जाडी नव्हे.

जडत्व आघूर्ण = वस्तुमान × (लांबीचा वर्ग + रुंदीचा वर्ग) ÷ १२
= ०.०८० × (०.००५६२५ + ०.०००२२५) ÷ १२ = ०.००००३९

वीस दोलनांना १०३.२ सेकंद लागले, म्हणजे आवर्तकाल ५.१६ सेकंद.

गुणाकार = ३९.४८ × जडत्व आघूर्ण ÷ आवर्तकालाचा वर्ग
= ३९.४८ × ०.००००३९ ÷ २६.६३ = ०.००००५७८

विचलनासाठी चुंबकाची चुंबकीय लांबी लागते. ध्रुव अगदी टोकांवर नसतात, म्हणून पट्टी चुंबकाची चुंबकीय लांबी भौमितिक लांबीच्या पाच-षष्ठांश धरतात. ७५ ला ६२.५ मिलिमीटर, तिची अर्धी ०.०३१२५ मीटर. २० सेंटिमीटरवर सरासरी विचलन ४५.५ अंश आलं, त्याचं टॅन १.०१८.

भागाकार = १,००,००,००० × टॅन × (अंतराचा वर्ग − अर्धलांबीचा वर्ग) या कंसाचा वर्ग ÷ (२ × अंतर)
= १,००,००,००० × १.०१८ × ०.००१५२३ ÷ ०.४० = सुमारे ३८,७५०

आडवा घटक = (गुणाकार ÷ भागाकार) याचं वर्गमूळ = ०.००००३८६ टेस्ला, म्हणजे ३८,६०० नॅनोटेस्ला.

गुणाकार आणि भागाकार यांचा एकमेकांशी गुणाकार करून वर्गमूळ काढलं तर चुंबकाचं आघूर्ण मिळतं. इथे ते १.५ अँपिअर-चौरस मीटर येतं. वर्षभराने हाच प्रयोग केला आणि आघूर्ण १.४ झालेलं दिसलं, तरी आडवा घटक तोच यायला हवा. हे मोजमाप बरोबर असल्याची याहून चांगली खूण नाही.

२५ सेंटिमीटरच्या वाचनांवरूनही भागाकार काढा. या चुंबकाला तिथे २७ अंशांच्या आसपास विचलन येईल. कोन लहान असल्यामुळे ते उत्तर कमी भरवशाचं, पण तपासणीला पुरेसं. दोन भागाकारांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर गृहीत धरलेली चुंबकीय लांबी चुकली आहे किंवा अंतर मध्यापासून मोजलेलं नाही. लांबीची दुरुस्ती अजिबातच केली नाही तर २० सेंटिमीटरवरचा भागाकार पाच टक्के जास्त येतो आणि आडवा घटक अडीच टक्के कमी.

परदेशातल्या वाचकांनी अंतर बदलावं. लंडनला आडवा घटक कोकणच्या जेमतेम निम्मा आहे, कारण तिथे क्षेत्र जवळजवळ उभं जमिनीत शिरतं. एकूण तीव्रता मात्र तिथे जास्त आहे. हाच चुंबक तिथे २५ सेंटिमीटरवर ४५ अंश दाखवेल आणि सव्वासात सेकंदांत एक दोलन पूर्ण करेल.

उत्तरावर किती विश्वास ठेवायचा

विचलनात एक अंशाची चूक उत्तरात पावणेदोन टक्के होते. अंतरात एक मिलिमीटरची चूक पाऊण टक्का. चुंबकाच्या लांबीत एक टक्क्याची चूक जवळजवळ एक टक्का. स्टॉपवॉचची चूक त्यामानाने किरकोळ. काळजीने केलेल्या प्रयोगात एकूण अनिश्चितता दोन टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे ७०० ते ८०० नॅनोटेस्ला. वहीत ‘३८,६०० अधिक-उणे ८००’ असं लिहा. नुसतं ३८,६०० लिहिलेला आकडा दहा वर्षांनी कुणाच्या कामाचा राहत नाही.

रोज सकाळ ते संध्याकाळ आयनांबरातल्या, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरातल्या, विद्युतप्रवाहांमुळे आडवा घटक काही दशक नॅनोटेस्लांनी वर-खाली होतो, तो या साधनांना दिसणार नाही. मे २०२४ मधल्या मोठ्या चुंबकीय वादळात विषुववृत्ताच्या पट्ट्यात घट ४०० नॅनोटेस्लांच्या घरात गेली, तीही दिसली नसती. १८५९ च्या सप्टेंबरमध्ये मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदवलेली सुमारे १,६०० नॅनोटेस्लांची घसरण मात्र याच धागा-चुंबकाच्या प्रयोगात पकडता आली असती. वर्षागणिक होणारा संथ बदल अनेक ठिकाणी दशक नॅनोटेस्लांमध्येच असतो. म्हणून हा प्रयोग दरवर्षी करून आलेख काढला तर त्यात आपल्याच चुका दिसतील. काळाबरोबरचा बदल पाहायला वेधशाळांचे आकडेच घ्यावे लागतात.

१९०० पासून आजपर्यंत: मॉडेलवरून

आंतरराष्ट्रीय भूचुंबकीय संदर्भ क्षेत्र या नावाचं गणिती मॉडेल दर पाच वर्षांनी सुधारलं जातं. त्याची चौदावी आवृत्ती १९०० ते २०३० चा काळ व्यापते. अमेरिकेची नोआ (हवामान आणि महासागर संस्था) आणि ब्रिटिश भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या संकेतस्थळांवर त्याचे मोफत गणक आहेत. अक्षांश, रेखांश, उंची आणि तारीख भरली की सगळे घटक मिळतात. अलिबागसाठी १८.६४ उत्तर, ७२.८७ पूर्व भरा. १९०० पासून दर २५ वर्षांचा आडवा घटक, उभा घटक, एकूण तीव्रता आणि नमनकोन वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. मग लंडन आणि ब्राझीलचा दक्षिण किनारा यांच्यासाठीही तोच तक्ता करा. तिन्ही तक्ते शेजारी ठेवल्यावर एकाच पृथ्वीवर वेगवेगळ्या ठिकाणची तीव्रता वेगवेगळ्या वाटेने जाते हे लगेच कळतं. ब्राझीलजवळ दक्षिण अटलांटिकमध्ये एकूण तीव्रता २३,००० नॅनोटेस्लांच्याही खाली उतरली आहे. तिथून जाताना उपग्रहांना जास्त प्रारण झेलावं लागतं आणि हबल दुर्बीण त्या भागात निरीक्षणं थांबवते. हा भाग पसरतो आहे हे युरोपच्या स्वार्म उपग्रहांनी, जे नोव्हेंबर २०१३ पासून कक्षेत आहेत, स्पष्ट दाखवलं आहे.

मॉडेलचा आकडा आणि तुमचा आकडा काहीशे नॅनोटेस्लांनी वेगळा येणं साहजिक आहे. मॉडेल पृथ्वीच्या गाभ्यातून येणारं क्षेत्र सांगतं. तुमच्या पायाखालच्या बेसाल्टचा वाटा त्यात नसतो.

संपूर्ण पृथ्वीसाठी एकच आकडा हवा असेल तर द्विध्रुवाचं आघूर्ण काढा, म्हणजे सगळ्या पृथ्वीला एकच मोठा पट्टी चुंबक मानलं तर त्याची ताकद. मॉडेलच्या सहगुणकांच्या फाइलमधले पहिले तीन आकडे घ्या, तिघांचे वर्ग करून बेरीज करा, वर्गमूळ काढा. १९०० साठी ते तीन आकडे −३१,५४३, −२,२९८ आणि ५,९२२ आहेत. वर्गमूळ येतं ३२,१७६ नॅनोटेस्ला. २०२० साठी पहिला आकडा सुमारे −२९,४०० वर आला आहे आणि तिघांचं मिळून वर्गमूळ सुमारे २९,८०० येतं. एकशे वीस वर्षांत सव्वासात टक्क्यांच्या आसपास घट. आघूर्णात सांगायचं तर ८.३ वरून ७.७ गुणिले दहाचा बाविसावा घात, एकक अँपिअर-चौरस मीटर.

ही सरळ रेष पुढे ओढून ‘दीड-दोन हजार वर्षांत क्षेत्र शून्य होईल’ असं सांगणारे खूप भेटतात. ते चुकीचं आहे. गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाचे प्रवाह सरळ रेषेत वागत नाहीत, आणि आजचं आघूर्ण गेल्या काही लाख वर्षांच्या सरासरीच्या तुलनेत अजिबात दुबळं नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी ते आजच्यापेक्षा बरंच जास्त होतं. आपण एका उंच टप्प्यावरून खाली येत आहोत.

१८४१ ते आज: कुलाबा आणि अलिबाग

मुंबईतून या विषयात काम करणाऱ्याला एक मोठी सोय आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ मध्ये चुंबकीय मोजमापं सुरू झाली आणि १८४६ पासून ती अखंड आहेत. शहरात विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहांमुळे मोजमाप बिघडणार हे संचालक नानाभाई फरामजी मूस यांनी ओळखलं. वेधशाळेचं चुंबकीय काम त्यांनी अलिबागला हलवलं आणि तिथली इमारत पोरबंदरच्या चुंबकत्वरहित दगडात बांधली गेली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. आज अलिबागची वेधशाळा भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे.

या मालिकेवर काम करताना तीन गोष्टी सांभाळा.

कुलाबा आणि अलिबाग यांचे आकडे सरळ जोडू नका. दोन ठिकाणं तीसेक किलोमीटर अंतरावर आहेत, खालचा खडक वेगळा आहे. सामायिक काळातल्या महिनावार सरासरींमधला फरक काढा आणि तो एका मालिकेत मिळवून मगच जोडा. नाहीतर १९०४ ला आलेखात एक उडी दिसेल आणि ती पृथ्वीच्या गाभ्यातून आली असं कुणाला वाटेल.

एकक बघा. जुन्या तक्त्यांत गॉस असतं, तिथे ०.३७ म्हणजे ३७,००० नॅनोटेस्ला. नंतरच्या तक्त्यांतला ‘गॅमा’ म्हणजेच नॅनोटेस्ला. एकोणिसाव्या शतकातल्या ब्रिटिश वेधशाळांच्या काही तक्त्यांत फूट-ग्रेन-सेकंद पद्धत असते. तो आकडा ०.०४६१ ने गुणला की गॉस मिळतो: ८.०० म्हणजे ०.३६९ गॉस, सुमारे ३६,९०० नॅनोटेस्ला. आकडा ८ च्या जवळ दिसला तर छपाईची चूक समजून सोडून देऊ नका.

आणि वार्षिक सरासरी कोणत्या दिवसांची आहे ते वाचा. सगळ्या दिवसांची सरासरी वादळांमुळे खाली ओढली जाते. गाभ्यातला संथ बदल पाहायचा तर शांत दिवसांची सरासरी घ्या, आणि सौर चक्राच्या अकरा वर्षांची लहर त्यात उरते हे लक्षात ठेवा.

१८३२ च्या मागे

गॉसच्या आधी दिशा मोजली जात होती, तीव्रता नव्हे. अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट यांनी दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात नमनसुईची (उभ्या पातळीत फिरणाऱ्या चुंबकसुईची) दोलनं मोजली: पेरूमध्ये चुंबकीय विषुववृत्तावर दहा मिनिटांत २११, पॅरिसमध्ये त्याच वेळात २४५. दोन्हींच्या गुणोत्तराचा वर्ग १.३५, म्हणजे पॅरिसची तीव्रता पेरूच्या १.३५ पट. हा निव्वळ तुलनेचा आकडा आहे. सुईचं स्वतःचं चुंबकत्व प्रवासात घटलं असेल तर तो चुकतो, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या सुईशी त्याची तुलना होऊच शकत नाही.

म्हणून १५९० पासूनचं क्षेत्र दाखवणारी ऐतिहासिक मॉडेलं वापरताना फार जपा. त्यांत खलाशांच्या नोंदवह्यांमधल्या दिशा आहेत. दिशांवरून क्षेत्राचा आकार कळतो, मोठेपणा नाही. सगळे सहगुणक दुप्पट केले तरी होकायंत्रं त्याच दिशा दाखवतील. १८४० च्या आधीची तीव्रता एका प्रसिद्ध मॉडेलमध्ये नंतरच्या घटीचा दर सरळ मागे नेऊन बसवलेली आहे. त्या काळातली घट ‘मॉडेलमध्ये दिसते’ असं म्हणणं म्हणजे आपणच ठेवलेली गोष्ट सापडली असं म्हणणं.

खरी तीव्रता भाजलेल्या मातीत मिळते. भट्टीत वीट किंवा मडकं तापलं की त्यातलं मॅग्नेटाइट ५८० अंश सेल्सिअसच्या वर चुंबकत्व गमावतं. थंड होताना ते त्या दिवशीच्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या प्रमाणात नवं चुंबकत्व घेतं आणि पुन्हा तापवेपर्यंत सांभाळतं. एमील आणि ओदेत तेलिए या फ्रेंच दांपत्याने १९५९ मध्ये मांडलेली पद्धत आजही पायाभूत आहे. तुकडा १०० अंशांपासून टप्प्याटप्प्याने ५८० पर्यंत तापवतात, प्रत्येक टप्पा दोनदा: एकदा शून्य क्षेत्रात थंड करून जुनं चुंबकत्व किती गेलं ते मोजायला, एकदा ठाऊक असलेल्या क्षेत्रात थंड करून नवं किती आलं ते मोजायला. गेलेलं उभ्या अक्षावर, आलेलं आडव्या अक्षावर मांडलं की सरळ रेष मिळायला हवी. तिचा उतार १.२ आणि प्रयोगशाळेतलं क्षेत्र ४० मायक्रोटेस्ला (४०,००० नॅनोटेस्ला) असेल, तर जुनं क्षेत्र ४८ मायक्रोटेस्ला.

रेष वाकली तर बहुतेक वेळा कारण एकच: भट्टीत तापवताना खनिज बदललं, मॅग्नेटाइटचं ऑक्सिडीकरण झालं. ते पकडण्यासाठी मध्येच कमी तापमानाचा एखादा टप्पा पुन्हा करतात. पूर्वीइतकंच चुंबकत्व आलं नाही तर तिथून पुढचे बिंदू टाकून देतात. दुसरी चूक थंड होण्याच्या वेगाची. कुंभाराची भट्टी दिवसभर निवते, प्रयोगशाळेची तासाभरात. मातीच्या भांड्यांत यामुळे पाच-दहा टक्के जास्त तीव्रता दिसू शकते, तेवढी दुरुस्ती करावी लागते.

नमुना निवडताना पूर्ण भाजलेला, लालसर, आरपार एकरंगी तुकडा घ्या. मध्ये काळा थर असलेला तुकडा अर्धवट भाजलेला असतो आणि रेष वाकवतो. एका भट्टीतले किंवा एका थरातले किमान चार-पाच तुकडे हवेत, प्रत्येक तीन सेंटिमीटरपेक्षा मोठा. नंतर आग लागलेल्या घराच्या विटा नकोत, त्यांची नोंद आगीच्या दिवसाची असते. तुकड्यांजवळ चुंबक नेऊ नका. काळ दुसऱ्या पुराव्याने, नाणी, लेख किंवा कार्बन कालमापनाने, आधी ठरलेला असला पाहिजे. संरक्षित स्मारक किंवा उत्खननस्थळावरून काहीही उचलायला कायद्याने बंदी आहे. नमुने पुरातत्त्व खात्याच्या परवानगीने, उत्खनन करणाऱ्या संस्थेमार्फतच मिळवा.

लाखो-कोटी वर्षांसाठी हेच काम लाव्हाच्या थरांवर होतं. सह्याद्रीचा बराचसा बेसाल्ट सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी अशा काळात गोठला जेव्हा क्षेत्राची दिशा आजच्या उलट होती. भारताच्या बेसाल्टमधली ही उलटी दिशा १९५० च्या दशकातच मोजली गेली. दिशा मिळवणं सोपं, तीव्रता मिळवणं कठीण: तापवल्यावर बेसाल्टमधली खनिजं विटेपेक्षा लवकर बदलतात आणि मोठ्या कणांमुळे रेष वाकते. म्हणून दख्खनच्या एखाद्या थराची तीव्रता कुणी सांगितली तर आधी विचारा, किती तुकडे तपासले आणि त्यातले किती कसोटीला उतरले. निम्म्याहून जास्त तुकडे बाद होणं या कामात नेहमीचं आहे, आणि बाद झालेल्यांची संख्या दिलेली नसेल तर तो आकडा तक्त्यात घेऊ नका.